काचेआडचं ऊन

टपालवाला सायकल ढकलत, एक पाय ओढत दुकानासमोर आला तेव्हा काकू काच पुसत होत्या. त्या काच पुसत असताना मध्ये बोलायचं नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. काचही काही साधीसुधी नव्हती. नवरा गेला आणि सायकलचं दुकान काकूंच्या अंगावर पडलं, तेव्हा पुढे नुसती भिंत होती आणि भिंतीला खुराड्याला असतं तसलं दार. आत काय आहे ते दिसलंच नाही तर माणूस आत येईल कशाला, असं म्हणून काकूंनी भिंत पाडली आणि जमिनीपासून छताला टेकेल अशी काच बसवली. सायकलवालीला काच कशाला हवी, म्हणून तेव्हा हसणारे पुष्कळ होते. आता तेच येता-जाता त्या काचेत बघून केस सारखे करत होते.

"काकू, जरा इकडे बघता का?"

"हात रिकामे झाले की बघते. काय झालं?"

"मागच्या आठवड्यात तुमच्याकडून टायर घेतला होता ना, तो उतारावर फुटला. मी पत्रांसकट गटारात."

काकूंनी फडकं खाली ठेवलं. टपालवाल्याच्या कोपराचं सालपट निघालं होतं, पँट गुडघ्यावर फाटली होती. काकू त्याच्याकडे न बघता आधी चाकापाशी बसल्या. टायरच्या कडेला बारीक बारीक भेगा पडल्या होत्या, तळं आटल्यावर गाळाला पडतात तशा. एका जागी त्या भेगांचं तोंड वासलं होतं आणि तिथून ट्यूब जिभेसारखी बाहेर आली होती.

"खड्ड्यात घातली असशील."

"काकू, तो रस्ता नवा केलाय. तुमच्या काचेइतका गुळगुळीत आहे."

तेवढ्यात समोरचा न्हावी हातात कात्री घेऊनच बाहेर आला, त्याच्यामागे अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक आलं, शेजारची शिंपीण आली. कुणी पडलं म्हटल्यावर गल्लीला घरात करमत नाही. न्हाव्याने वाकून टायर बघितला, बोटाने भेगा चाचपल्या आणि म्हणाला, "काकू, हा तर म्हातारा झालाय. जुना माल नवा म्हणून खपवलात काय?"

तो गमतीने म्हणाला असेल, पण काकूंच्या दुकानात गमतीला जागा नव्हती. या दुकानातून कधी वाकडं चाक बाहेर गेलं नव्हतं की गिऱ्हाइकाला खोटा शब्द गेला नव्हता. काकूंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्या ताडकन उठल्या, आत गेल्या आणि काचेमागे खुंट्यांना टांगलेल्या टायरांपैकी एक उचलून त्याची रस्त्याकडची बाजू स्वतःकडे फिरवली. भेगा होत्या. दुसरा काढला, त्यालाही भेगा. तिसऱ्याचं रबर विटून करडं पडलं होतं. काकू आजवर ती धूळ समजून पुसत आल्या होत्या. खुंटीवरचा एकही टायर धड निघाला नाही.

"माळ्यावरचे टायर आण रे खाली," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या.

मुलगा तिशीतला, हाताने चांगला पण डोळ्यांनी आळशी. टपालवाल्याच्या सायकलला हाच टायर त्यानेच बसवला होता. भेगा कशा दिसल्या नाहीत, असं विचारलं तर तो म्हणाला असता की तू दिलास तो बसवला. त्याने शिडी लावली आणि माळ्यावरचे स्वस्तातले टायर खाली टाकले. वर अंधारात, जळमटांत पडून होते बिचारे. कुणीही उचलून द्यावेत असे ते हलके टायर एका फिरत्या व्यापाऱ्याकडून घेतले होते. काकूंनी दाबून बघितले. मऊ, काळेभोर, एक ओरखडा नाही.

आता गोष्ट अशी की खुंट्यांवरचे सगळे टायर एकाच ठिकाणाहून आलेले होते. काकूंची लेक ज्या घरात दिली होती, त्या घराचं टायरांचं गोदाम होतं. म्हणजे टायर व्याह्यांकडचे. लग्न झाल्यापासून काकूंनी ठरवून टाकलं होतं की व्याह्यांचा माल माळ्यावर चढणार नाही. तो दर्शनी लागेल, काचेत लागेल, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल. कुणी सासरच्या माणसाने येऊन बघितलं तर लेकीची मान वर राहिली पाहिजे. प्रत्येक टायरला त्यांनी मुलाकडून पुठ्ठ्यावर लिहून घेऊन पाटी बांधली होती. माल महाग, त्यामुळे खपायचा सावकाश. पण काचेतून हलवायचा नाही.

मग सरळच झालं. स्वस्तातला माल चांगला राहिला आणि मानाचा माल कुजला, तर खोट कुठे आहे हे सांगायला पंडित लागत नाही.

"ऐका रे सगळे," काकू पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या. "या दुकानाने कुणाला फसवलेलं नाही. फसवलंय मला. माझ्या व्याह्यांनी गोदामातला शिळा माल माझ्या गळ्यात मारलाय. विहीण काय, घरचीच आहे, तोंड उघडणार नाही, असा हिशेब केला असेल त्यांनी. चोर घरात शिरतो असं ऐकलं होतं. मी तर लेक देऊन चोर घरात आणला."

शिंपिणीने तोंडावर हात ठेवला. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या केसांनिशी ही बातमी घेऊन कुठे गेलं, ते न्हाव्यालाही सापडलं नाही.

लेकीचा फोन यायला वेळ लागला नाही.

"आई, तू बाजारात काय बोललीस?"

"जे खरं आहे ते."

"इथे दुकानदार माल परत पाठवायला लागलेत. सासरे सकाळपासून जेवले नाहीत."

"गिळवत नसेल. माझा टायर फुटून माणूस गटारात पडला, त्याच्या जेवणाचं कोण बघतंय? तू तुझी बॅग भर. मी येते न्यायला. चोरांच्या घरात माझी लेक राहणार नाही."

लेकीने फोन ठेवून दिला. तिने आईचा फोन असा कधी ठेवला नव्हता. काकूंनी फोनकडे असं बघितलं की जणू त्यानेच लेकीला फितवलं.

खुंटीवरचा सगळ्यात वाईट टायर, पाटीसकट, त्यांनी खांद्याला अडकवला. मुलगा म्हणाला, "मी येऊ का?" काकू म्हणाल्या, "तू दुकान बघ. डोळे उघडे ठेवून बघ, जमलं तर." आणि त्या भर बाजारातून चालत निघाल्या. काय झालं असं कुणी विचारलं की टायर दाखवायच्या. गोदामापर्यंत पोचेस्तोवर निम्म्या गावाने टायर बघितला होता.

गोदामात शिरल्या तर आत अंधार. खिडक्या होत्या, पण सगळ्या काचांना काळा रंग फासलेला. छताला एक पिवळा दिवा, त्याच्याखाली टायरांच्या चळती, आणि एका चळतीशेजारी स्टुलावर व्याही. अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. विहीणबाई मात्र दारातच उभ्या होत्या, हाताची घडी घालून. काकू येणार हे त्यांना कळलं होतं.

"या, बसा," व्याही उठून म्हणाले. "पाणी घ्या आधी."

"पाणी प्यायला नाही आले." काकूंनी टायर टेबलावर आपटला. "हे काय आहे?"

"टायर आहे," विहीणबाई म्हणाल्या. "सायकलला लागतो. तुमचं सायकलचं दुकान आहे, तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं."

"हा टायर नाही, हे वाळलेलं कातडं आहे. आणि माझ्या दुकानात असे पुष्कळ टांगलेत, सगळे तुमच्याकडचे. त्या फिरत्या व्यापाऱ्याचा स्वस्तातला माल माझ्या माळ्यावर लोण्यासारखा मऊ आहे. त्याची-माझी ना ओळख ना देख. नाती जोडली ती मेली या गोदामाशी."

"आमचा माल कारखान्यातून येतो तसा जातो," विहीणबाई म्हणाल्या. "इथे वर्ष-वर्ष कुणी टायर कवटाळून बसत नाही."

"मग खिडक्यांना काळं का फासलंय? दिवसाढवळ्या आपला हात आपल्याला दिसत नाही. उजेडात दाखवण्यासारखं काही नाही वाटतं तुमच्याकडे."

"रबराला ऊन चालत नाही, म्हणून," व्याही स्टुलाकडे बघत म्हणाले.

"रबर आहे की नवी नवरी? रंग काळवंडेल म्हणून घरात बसवायची? आणि लोक सायकली काय भुयारातून चालवतात?"

"रस्त्यावरचा टायर वाळायच्या आधी झिजून जातो," व्याही म्हणाले. "तो फिरता असतो. टांगलेल्याचं तसं नाही. तो एकाच कुशीवर रोजचं ऊन खात बसतो. मग रबराचा मऊपणा जातो, ते ताठरतं, आणि वाकवलं की तडकतं."

"पण माझे टायर उन्हात नाहीतच मुळी. आत आहेत. काचेच्या आत."

व्याही स्टुलावर परत टेकले.

"मध्ये काच आहे," काकू म्हणाल्या. "चांगली बोटभर जाड."

"काच वारा अडवते. पाऊस अडवते," व्याही म्हणाले, आणि प्रत्येक शब्द कुणीतरी चिमट्याने ओढून काढत असल्यासारखे म्हणाले. "ऊन नाही अडवत. थोडं गाळते, बाकीचं आत सोडते. वर आत शिरलेली धग बाहेर जाऊ देत नाही."

"अस्सं. म्हणजे माल तुमचा, आणि दोष माझ्या काचेचा. ती काच बघायला लोक दुसऱ्या पेठेतून येतात. तुमच्याकडे काळं फासलंय म्हणून मीही माझ्या दुकानाला काळं फासू?"

"अहो पण हे काय बांधलंय याला?" विहीणबाई मध्येच म्हणाल्या. त्यांनी टायर स्वतःकडे ओढला आणि पुठ्ठ्याची पाटी दिव्याकडे करून वाचली. "व्याह्यांकडचा खास माल." वाचल्यावर त्या जरा थांबल्या. "हे तुम्ही लिहिलंत?"

"मी कुठली लिहिते. मुलाने लिहिलं. सांगितलं मी."

विहीणबाईंनी आणखी नीट बघावं म्हणून सुतळी सोडली. पाटी निघाली. तिच्याखाली टायरवर एक चौकोन होता, आणि तो चौकोन काळाकुट्ट होता. गोदामातल्या चळतीवरचे टायर होते तसा, कोरा, तकतकीत. चौकोनाच्या कडेपाशी भेगा येऊन थांबल्या होत्या. जणू पुढे जायला त्यांना मनाई होती.

काकूंनी चौकोनात नख रोवलं. नख रुतलं. बाहेर रोवलं, तर नख घसरलं. मग त्यांनी टायर उलटा केला. दुकानाच्या आतल्या अंगाला असते ती बाजू, रोज गल्ल्यावर बसून त्यांना दिसायची ती. एकही भेग नव्हती. एकाच टायरच्या एका गालावर म्हातारपण आणि दुसऱ्यावर तारुण्य.

माळ्यावरचे टायर डोळ्यांपुढे आले. त्यांना पाटी नव्हती, खुंटी नव्हती, नको असलेल्या पाहुण्यासारखे वर ढकलले होते, आणि तेच टुणटुणीत राहिले. ज्यांना मान दिला ते भाजून निघाले. मान दिला तो काकूंनीच. रोज सकाळी काच पुसून, एक डाग राहू न देता, ऊन अधिक चांगलं आत यावं अशी सोयही त्यांनीच केली.

हे कळल्यावर राग निघून जायला हवा होता. तसा तो गेला नाही. फक्त त्याला धनी उरला नाही, आणि बिनधन्याचा राग फार वाईट. तो गोदामभर फिरला आणि शेवटी स्टुलावर येऊन बसला.

"तुम्ही माझ्या दुकानात येता ना?" काकूंनी व्याह्यांना विचारलं.

"येतो की. अधूनमधून येतो."

"काचेतले टायर दिसायचे?"

"दिसायचे."

"तेव्हा हे सगळं ठाऊक होतं तुम्हाला? ऊन, धग, मऊपणा, सगळं?"

व्याह्यांनी मान हलवली. नाही म्हणून नव्हे, हो म्हणून.

"मग तेव्हा तोंडात काय धरलं होतंत?"

"तुम्ही मानाने लावले होते," व्याही म्हणाले. "काढा कसं म्हणायचं? तुम्हाला वाटलं असतं, लेकीचा सासरा दुकानात येऊन चुका काढतो. आणि..." ते घुटमळले. "खरं सांगू का, रस्त्यावरून येताना आपले टायर असे झळकताना दिसले की बरं वाटायचं. एवढ्या दुकानांना माल देतो मी. असा कुणी लावला नव्हता."

विहीणबाईंनी हाताची घडी सोडली. आत्तापर्यंत त्या काकूंवर तापलेल्या होत्या. आता सगळ्या अंगाने नवऱ्याकडे वळल्या.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असून सकाळपासून मला यांच्या नावाने बोटं मोडू दिलीत. मी इथे घसा सुकवतेय आणि तुम्ही उपाशी बसून दुःख करताय."

"मला वाटलं, आपोआप निवळेल."

"याच्या अंगावर चहा सांडला," विहीणबाई काकूंना म्हणाल्या, "तरी ओतणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून हा माणूस हाय म्हणत नाही. चाळीस वर्षं मी याचं तोंड उघडायची वाट बघतेय."

"माझा टायर फुटून माणूस पडलाय," काकू म्हणाल्या. "भिडेपायी कुणाचा जीव गेला असता."

"जाईना का, पण यांचं तोंड उघडायचं नाही," विहीणबाई म्हणाल्या.

दोघी पहिल्यांदाच एका बाजूला उभ्या होत्या आणि व्याही दुसऱ्या बाजूला अंग चोरून. काकूंना जरा बरं वाटलं. प्रकरण इथेच मिटलं असं धरून त्या टायर उचलणार, तोच मागच्या दारातून लेक आत आली. तिच्या हातात बॅग नव्हती.

"झालं ना तुमचं?" ती म्हणाली.

"झालं. चूक कुणा एकाची नाही. तुझ्या सासऱ्यांनी बोलायला हवं होतं. जाऊ दे आता."

"कुठे जाऊ दे? चोर म्हणालीस तू त्यांना. इथे येऊन नाही म्हणालीस. गल्लीत, पायरीवर उभी राहून म्हणालीस. मग येताना बाजारभर टायर मिरवलास."

"रागात म्हणाले."

"मग रागात परत घे. पण त्याच पायरीवर. सगळ्यांसमोर."

"आईला अटी घालतेस?"

"तुझ्याकडूनच शिकले," लेक म्हणाली. "तोपर्यंत मी तिकडे येणार नाही. इथूनही कुठे जाणार नाही. तुझ्या माझ्यामध्ये काय राहील ते तू बघ."

काकूंनी आयुष्यात एकही शब्द परत घेतला नव्हता. नवऱ्याशी भांडण झालं तर त्या दुसऱ्या दिवशी त्याला आवडेल असं काहीतरी करून वाढायच्या, पण चुकले म्हणायच्या नाहीत. तोही समजून घ्यायचा. सगळ्यांनी समजून घ्यायची सवय ठेवली होती, आणि आता पोटची पोरगी म्हणते, समजून घेणार नाही, ऐकून घेणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाबरोबर निरोप धाडला: आमच्याकडून विषय संपला आहे. मुलगा परत आला आणि म्हणाला, ताई म्हणते, विषय तुमच्याकडून सुरू झाला होता, संपायचाय आमच्याकडे. मग काकूंनी व्याह्यांना नव्या टायरांची मोठी मागणी पाठवली. टायर आले, लेकीचा शब्द आला नाही. काचेतले टायर त्यांनी उतरवले, खुंट्या रिकाम्या ठेवल्या, आणि मुलावर, काचेवर, सूर्यावर आळीपाळीने डाफरत राहिल्या. सूर्य काही उत्तर देत नव्हता. एवढ्या बाबतीत तो व्याह्यांसारखाच.

मग टपालवाला आला. कोपराची खपली निघाली होती. काकूंनी त्याला नवा टायर मोफत बसवून दिला, समोर उभं राहून, मुलाला टायरची दोन्ही अंगं बघायला लावून. टपालवाला खूश झाला. खुशीत माणूस जास्त बोलतो.

"तुम्ही सज्जन म्हणून, काकू. नाहीतर त्या तुमच्या व्याह्यांनी काय फसवलं हो तुम्हाला. आमच्या ऑफिसात सगळे सांगतात, त्या गोदामातून काही घेऊ नका. नुसता चोर माणूस."

"कोण म्हणतं चोर?" काकूंचा आवाज चढला.

"सगळेच."

"त्या माणसाने कुणाचं वाळलेलं पान उचललं नाही कधी. साधं तोंड उचलत नाही तो. कुणी उठवलं हे?"

टपालवाला गोंधळला. त्याने मुलाकडे बघितलं, मुलाने हवा मारायच्या पंपाकडे बघितलं.

"काकू, तुम्हीच की," टपालवाला म्हणाला.

स्वतःचाच शब्द दुसऱ्याच्या तोंडून असा अंगावर येईल, हे काकूंना ठाऊक नव्हतं. त्यांच्या तोंडून निघाला तेव्हा तो राग होता. पोस्टात पोचेपर्यंत त्याची बातमी झाली होती, आणि लेक त्या बातमीत रोज जेवत-झोपत होती.

काकू पायरीवर आल्या. एका हाताला तो भेगाळलेला टायर, दुसऱ्याला रबर कापायची सुरी.

"बाहेर या रे सगळे," त्या ओरडल्या. "भांडण ऐकायला न बोलावता येता, आता बोलावतेय तर या."

न्हावी आला, शिंपीण आली, समोरच्या वाण्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं आली.

"माझे व्याही चोर नाहीत. माल त्यांचा चोख होता. वाळवला मी. काचेत टांगून, रोज उन्हाला दाखवून, माझ्या हाताने. काचेतून ऊन आत येतं हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं का? रोज या काचेत तोंडं बघता, टायर विटताना एकालाही दिसले नाहीत. ते असो. चोर म्हणाले ते मी म्हणाले, आणि खोटं म्हणाले. यापुढे त्यांच्या नावाने कुणी तोंड उघडलं, तर गाठ माझ्याशी आहे."

आणि त्यांनी सुरीने टायर आरपार कापला, मग आतून मुलाकरवी बाकीचे आणवले आणि तेही एकेक करून कापले, कुणी पुढे म्हणायला नको की काकूंनी ते कुठेतरी खपवले. न्हावी हळूच म्हणाला, "आणि तुमच्या सांगण्यावरून त्यांच्यावर केलेला राग आता आम्ही काय खाऊन टाकायचा?"

"तुला राग नाही, कात्री दिलीय देवाने. ती चालव."

गर्दीच्या मागून आवाज आला. "शेवटचं मला नीट ऐकू नाही आलं."

विहीणबाई होत्या, आणि त्यांच्या शेजारी लेक. केव्हा आल्या होत्या कोण जाणे. काकू सुरी घेऊन पायरीवर येताच न्हाव्याचं गिऱ्हाईक या खेपेलाही बातमी घेऊन पळालं असणार.

"कुठपासून नाही आलं ऐकू?" काकूंनी विचारलं.

"चोर म्हणाले ते मी म्हणाले, तिथपासून."

काकूंनी ओठ आवळले. लेक त्यांच्याकडे बघत होती. काकूंनी परत सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने, शब्दाला शब्द, खोटं म्हणाले इथपर्यंत. मग विहीणबाईंना म्हणाल्या, "आता आलं ऐकू, की घरी येऊन सांगू?"

"आलं," विहीणबाई म्हणाल्या.

"मग व्याही कुठायत? त्यांना का नाही आणलंत? त्यांनीही इथे उभं राहून सांगायचंय की ठाऊक असून गप्प बसलो. माझं मी फेडलं. त्यांचं त्यांनी फेडावं."

"त्यांना लाज वाटते."

"मला नाही वाटली? उद्या घेऊन या. तोंड उघडत नसेल तर आपण दोघी धरून उघडू."

विहीणबाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. लेक टायरांच्या तुकड्यांतून वाट काढत पुढे आली, पायरी चढली आणि आईच्या हातातली सुरी काढून घेतली.

"आत चल," ती म्हणाली. "हात कापून घेशील."